टेम्पो गेला, धूळ राहिली

शाळेच्या फाटकाशी उभा राहणारा यमुनाबाईंचा भाजीचा टेम्पो हलवून आठवडा झाला होता. तरीही शाळा भरायच्या वेळी फाटकावरच्या हवामापकाचा (हवेतले बारीक कण मोजणाऱ्या यंत्राचा) दिवा रोज लालच व्हायचा. असं का?

नाशिकच्या त्या शाळेतल्या सातवीच्या शाल्मलीला हे कोडं सुटेना. कारण टेम्पो हलला होता तो तिच्याच भाषणामुळे. पालकसभेत ‘स्वच्छ हवा’ या विषयावर बोलताना ती आवाज चढवून म्हणाली होती, “ज्यांना पर्यावरणाची पर्वा नाही, अशी माणसं आपल्या फाटकाशीच उभी असतात!” टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्याच दिवशी यमुनाबाईंना पुलाखाली जागा बघायला सांगण्यात आलं.

आणि शाल्मलीची मैत्रीण रुबीना अजूनही फाटकातून आत येताना खोकत होती. तिला दमा होता.

“भुंग्या, तो लाल दिवा बिघडलाय का?” शाल्मलीने प्रयोगशाळेतल्या गुडघ्याएवढ्या रोबोला विचारलं.

“बघूया,” भुंगा म्हणाला. शाळा भरायच्या वेळी त्याने फाटकाला चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पडद्यावर शेवयांच्या तुकड्यांसारखे काळे कण दिसले. मधूनच काही चकाकत होते.

“काळे कण टायरच्या रबराचे. चकाकणारे ब्रेकमधल्या धातूचे. बाकी रस्त्यावरची माती. काजळी मात्र नावालाच आहे.”

“पण आता बहुतेक गाड्या विजेच्या आहेत! आमचीही. ती धूर सोडतच नाही.”

“धूर नाही, पण चाकं आहेत ना? जड गाडी थांबते, निघते, पुन्हा थांबते. तेवढ्यात टायर झिजतो, ब्रेक घासतो, धूळ उडते. अशा कितीतरी गाड्या एकाच वेळी एकाच फाटकाशी आल्या तर?”

“आणि यमुनामावशींचा टेम्पो?”

“तो पहाटे यायचा. येताना धूर सोडायचा, हे खरं. पण मग दिवसभर उभा. उभ्या गाडीचं चाक झिजत नाही.”

भुंग्याने त्या सकाळचं चित्रण लावलं. गाड्यांची लांबलचक रांग. मधोमध एक पांढरी गाडी, काचेवर हिरवं पान आणि अक्षरं : ‘मी वसुंधरेची मैत्रीण’. ते पान शाल्मलीने स्वतः चिकटवलं होतं. तिचे कान तापले. तिचं घर तर इतकं जवळ, की गच्चीवर शाळेची घंटा ऐकू यायची.

“म्हणजे माझं सगळं बोलणं खोटं होतं?” तिने खाली बघत विचारलं.

“खोटं नव्हतं. आज गाडीत बसताना कसला विचार केलास?”

“कसलाच नाही. बाबा गाडी काढतात, मी बसते.”

“ती सवय. सवय लागली की मन मताला विचारतच नाही. त्यात विजेची गाडी घेतली, पान चिकटवलं, की वाटतं आपलं काम झालं. बरं, चालत का येत नाहीस?”

“आई म्हणते, फाटकाशी एवढ्या गाड्या असतात, त्यातून कशी जाशील?”

“बाकीच्यांच्या आयाही हेच म्हणतात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीला भिऊन आपली गाडी काढतो. अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीकडे असलेला मनाचा कल) माणसाला दारापर्यंत आणते. पुढे सोबत लागते, सुरक्षित वाट लागते. ती मिळाली, की असा कल असलेली माणसं सगळ्यांत आधी बाहेर पडतात.”

शाळा सुटल्यावर शाल्मली पुलाखाली गेली. गिऱ्हाईक नव्हतं. यमुनाबाई सुकलेल्या मेथीवर पाणी शिंपडत होत्या.

“मावशी, ते भाषण... ते मीच केलं होतं.”

“ठाऊक आहे. भिंतीपलीकडेच उभी होते मी. बोलतेस मात्र छान.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शाल्मलीला वाटलं. “माझं चुकलं,” ती कशीबशी म्हणाली.

“मग इथे पुलाखाली काय सांगतेस, पोरी? जिथे बोललीस तिथे सांग.”

पुढच्या पालकसभेत ती पुन्हा उभी राहिली. “मी यमुनामावशींना दोष दिला. धूळ आपल्या गाड्यांची होती. माझ्याही गाडीची.” या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही पालक मोबाइलकडे बघत बसले. तिचे बाबाही मान खाली घालून होते. शाल्मलीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सभा संपल्यावर रुबीना तिच्याजवळ आली. “उद्या तुझ्या घरावरून येते. चालत जाऊ.”

पहिल्या दिवशी त्या दोघीच होत्या. मग वाटेवरच्या गल्ल्यांतून एकेक मूल येऊन मिळू लागलं. शाळेने चूक कबूल करून यमुनाबाईंना परत बोलावलं. त्यांच्यासमोरून जाताना शाल्मलीची मान अजूनही आपोआप खाली जायची.

एका सकाळी मुलं दारात जमली, तेव्हा बाबांनी सवयीने किल्ली उचलली. ते थबकले. मुलांकडे बघून जरा ओशाळले, आणि किल्ली खुंटीला अडकवून चपला शोधू लागले.

“चला,” ते म्हणाले, “मोठा रस्ता मी ओलांडून देतो.”