आधी इशारा

निशानं अभयला पहिल्यांदा पाहिलं ते त्याला थांबवताना.

पाडवा नुकताच झाला होता आणि वाळूजच्या कारखान्यांवर असं ऊन उतरलं होतं की यार्डातल्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. नवा ऑपरेटर, पहिलाच दिवस. त्याच्या हायड्रा क्रेनच्या हुकाला लांबलचक लोखंडी खांब टांगलेला, आणि खांबाला आवळलेल्या दोन बेल्टांपैकी एक हळूहळू सरकायला लागलेला. इशारे देणारा माणूस पलीकडं उभा होता, त्याला ते दिसेना. निशा तिथली साधी हेल्पर. इशारे देणं तिचं काम नव्हतं. पण विचार करायला वेळ कुणाला होता? ती पुढं झाली, हात आडवा धरला, तळवा जमिनीकडं, आणि जोरजोरात हलवला. थांब!

हायड्रा जागच्या जागी थांबली.

"कुणी थांबवली रे?" सुपरवायझर अप्पाराव ओरडतच आले. "ए पोरी, तुला कुणी सांगितलं हात हलवायला?"

केबिनमधून एक डोकं बाहेर आलं. पिवळं हेल्मेट, त्याखाली सावळा, घामेजलेला चेहरा. "साहेब, बाकीचे इशारे एकाचेच ऐकायचे. पण 'थांब' कुणीबी म्हणू द्या, थांबायचंच. कायदाच हाय तसा." मग त्यानं सरकलेल्या बेल्टकडं पाहिलं... आणि तिच्याकडं. "आन् यांनी थांबवलं म्हणून वाचलो."

बस्स, एवढंच. पण निशाला तो आवडला. त्यात आढेवेढे कशाला घ्यायचे? चोवीस वर्षांत तिच्या एका हातावर एवढं मोठं धूड थांबल्याचं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते चालवणाऱ्यानं वर तिचीच बाजू घेतली होती.

पुढं महिनाभरात जुना सिग्नलमन पुण्याला गेला आणि अप्पारावांनी नाइलाजानं शिट्टी निशाच्या गळ्यात अडकवली. "तात्पुरती हां!" असं ते रोज सकाळी बजावायचे. दिवाळी जवळ आली तरी ते तात्पुरतं काही संपेना.

या कामाचा एक अजब कायदा आहे. ऑपरेटरनं नजर ठेवायची इशारा देणाऱ्यावर, आणि इशारा देणाऱ्यानं मालावर. म्हणजे अभयनं दिवसभर निशाकडं बघायचं, त्याचा त्याला पगार मिळायचा! आणि निशानं मात्र खांबाकडं, बेल्टाकडं, हुकाकडं बघायचं, त्याच्याकडं नाही. त्याची नजर तिला कळायची. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. पण मान वळवायची सोय नव्हती.

ऑक्टोबरात एकदा परतीच्या पावसाची सर आली आणि काम थांबलं. दोघं चहाचे कागदी कप घेऊन पत्र्याच्या शेडखाली उभे होते. पत्र्यावर पाऊस असा ताडताड वाजत होता की बोलायला जरा जवळच यावं लागत होतं.

"तुम्ही माझ्याकडं कधी बघतच नाय," अभय म्हणाला.

"मी मालाकडं बघते. तेच काम हाय माझं."

"हात् तिच्या! लोखंडाचा खांब झालो असतो तर बरं झालं असतं."

निशाला असं हसू आलं की चहा नाकात गेला. त्यानं डब्याच्या पिशवीतून सीताफळ काढलं. दौलताबादजवळ त्यांची चार झाडं होती. फळ त्यानं हातानंच उकललं आणि अर्धं तिच्यापुढं धरलं.

"पिकलंय का पण?" तिनं उगाच विचारलं.

"डोळे उघडलेत की त्याचे."

"आन् तुमचे?"

"माझे पाडव्यालाच उघडले..." तो बोलून गेला आणि मग स्वतःच लाजून पावसाकडं बघत बसला. निशा बिया थुंकायच्या विसरली.

त्याच आठवड्यात गेटवर नोटीस लागली. एक डिसेंबरपासून माल बांधणारा आणि क्रेनला इशारे देणारा, दोघंही प्रमाणपत्रवालेच पाहिजेत. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, आणि प्रत्यक्ष तीन उचली. ज्याच्याकडं कागद नाही त्यानं शिट्टी खाली ठेवायची आणि रंगकामाच्या शेडमध्ये जायचं.

"अभय हाय ना क्रेनवर," अप्पाराव तिला म्हणाले. "तू नुसती उभी राहा. पास झालीस म्हणून समज."

निशाला नुसतं उभं राहायचं नव्हतं. तिचे वडील सांडू, सगळे त्यांना आबा म्हणायचे, बावीस वर्षं खलाशी होते; बोटीवरचे नव्हे, कारखान्यांत जड माल बांधून उचलणारे. शहरातल्या निम्म्या कारखान्यांतली मशिनं त्यांनी बांधून उचलून बसवली. पण हातात एक कागद नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं बेल्टाखाली चिरडली तेव्हा मालकाच्या वहीत ते खलाशी नव्हतेच. हेल्पर होते, आणि हेल्परचं तिथं काय काम, असं त्यांनाच उलटं विचारलं गेलं. निशा तेव्हा सातवीत होती. तो प्रश्न तिच्या कानातून अजून गेला नव्हता. आपल्याला असं कुणी विचारायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

छावणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मग अभ्यास सुरू झाला. पुस्तकातलं कळलं नाही की आबा मायला बोलवायचे. माय म्हणजे मनकर्णाबाई, हात पुसत यायची. दोघींना पाण्याची बादली दोन दोऱ्यांनी धरायला लावायचे. "जवळ उभ्या राहा. हलकी लागती ना? आता लांब सरका. लांब... अजून. बघ, दंड भरले का नाय? बादली तीच हाय. बेल्ट जितका फाकवशील तितका त्याच्यावर ताण." माय वैतागायची, "तिची परीक्षा आन् हात माझे मोडायलेत!" पण बादली सोडायची नाही.

यार्डात सराव करताना मात्र काही कठीणच वाटत नव्हतं. निशानं बोट नुसतं उचलावं की हूक वर जायला लागायचा. तिच्या मनात 'जरा डावीकडं' आलं की खांब डावीकडं.

"तुमच्या मनातलं कळतंय मला," अभय म्हणायचा. निशाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका संध्याकाळी तिनं हे कौतुकानं घरी सांगितलं. आबांनी उजवा हात तिच्यापुढं धरला.

"माझा ऑपरेटर बी असाच होता बाई. लई जीव होता आमचा. माझ्या मनातलं मला कळायच्या आधी त्याला कळायचं. त्या दिवशी मी हात काढायच्या आधीच त्यानं उचललं. त्याला वाटलं, झालंच असंल माझं." त्यांनी हात खाली घेतला. "माणूस वाईट नव्हता. अंदाज वाईट."

दुसऱ्या दिवशी निशानं अभयला सांगितलं, "पुरता इशारा झाल्याबिगर हलत नका जाऊ." कारण काही तिला सांगवलं नाही. तो हसून म्हणाला, "जो हुकूम!" आणि दोन दिवसांनी पुन्हा बोट उचलायच्या आत हूक वर.

परीक्षेच्या दिवशी रत्नमाला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात यार्डातल्या कामगारांसारखेच जड बूट. लेखी झालं, तोंडी झालं. दुपारी उचली. पहिली झकास. दुसरी त्याहून झकास. अप्पाराव लांबून अंगठा दाखवत होते.

तिसऱ्या उचलीला निशानं खांबाला बेल्ट घातला आणि तो नीट बसलाय का ते बघायला पलीकडच्या अंगानं हात आत घातला. बेल्टाला जरासा पीळ पडला होता. ती तो सोडवत होती... आणि बेल्ट ताठ झाला. हूक वर चालला होता. तिनं हात झटकन बाहेर ओढला. हातमोजा आतच राहिला.

कुणालाही काही दिसलं नव्हतं. मॅडम दुसऱ्या बाजूला होत्या. खांब वीतभर वर तरंगत होता, अगदी सरळ, अगदी सुंदर. आता हात वर करून पुढचा इशारा दिला असता तर दहा मिनिटांत ती पास होती.

निशानं हात आडवा धरला. थांब.

माल खाली उतरवून घेतला आणि ती मॅडमपाशी गेली.

"मॅडम, ही उचल धरू नका. मी इशारा द्यायच्या आधी क्रेन हलली. मला दुसरा ऑपरेटर द्या."

मॅडमनी पेन थांबवलं. "आधीच्या दोन्ही उचलींचे मार्क जातील. सगळं पहिल्यापासून. कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि ऑपरेटरच्या नावावर शेरा लागेल."

तिला पत्र्याखालचा पाऊस आठवला, अर्धं सीताफळ आठवलं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, हे तिला त्या क्षणी जितकं लख्ख कळलं तितकं आधी कधीच कळलं नव्हतं.

"ते बी कळतंय," ती म्हणाली. "लिहा."

"अगं वेडे, पास व्हायलीस ना!" अप्पारावांनी कपाळावर हात मारला.

अभय केबिनमधून उतरला. तोंड उतरलेलं. तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "मी तुमच्यासाठीच..."

"तेच तर," निशा म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती.

दुसरा ऑपरेटर मॅडमच्या बरोबर आलेला, पांढऱ्या दाढीचा, ठोकळ्यासारखा. निशानं बोट उचललं. हूक हलेना. पुन्हा उचललं. तो नुसता बघत होता. मग तिच्या ध्यानात आलं: मनातलं ओळखणारा माणूस भेटला आणि आपला हात आळशी झाला. अर्धे इशारे ती देत होती, उरलेले अर्धे अभय भरत होता. तिनं दीर्घ श्वास घेतला. कोपरातून हात सरळ वर, तर्जनी आभाळाकडं, गोल, स्वच्छ, पुरता. हूक हलला. मग तिला कुणाच्या मनाची गरज उरली नाही. तीन उचली, तीन वेळा खांब खुणेवर. चाचणी म्हणून मॅडमनी मुद्दाम, किती वजन पेलतो ते सांगणारी चिठ्ठी नसलेला बेल्ट पुढं सरकवला होता, तोही तिनं उचलून बाजूला टाकला.

"निकाल आठ दिवसांनी," मॅडम म्हणाल्या, आणि जाता जाता तिचा आत अडकलेला हातमोजा तिच्या हातात ठेवला.

ते आठ दिवस! अभयला क्रेनवरून उतरवून चार दिवस पुन्हा शिकायला बसवलं होतं. निशाला जेवण जाईना. आपण बरोबर वागलो याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. पण बरोबर वागलं की घास गोड लागतो, असं कुणी सांगितलंय?

पाचव्या संध्याकाळी ती घरी आली तर ओट्यावर आबांच्या शेजारी अभय! तिला बघताच तो उठला, "जयभीम काका, येतो," म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

"का आला होता?" तिनं विचारलं.

"इचारायला, की त्याचं चुकलं कुठं. मी हात दाखवला." आबांनी बोटांच्या खुंटांवरून अंगठा फिरवला. "लई वेळ बघत बसला. मग म्हणला, काका, मला वाटलं मी मदत करायलोय. मदत नव्हती, घाई होती माझी." आबा मिश्कील हसले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!"

"आधी नवरा तर होऊ द्या!" माय आतून ओरडली.

निशा त्या रात्री पोटभर जेवली.

निकाल आला. निशा पास. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, त्यावर तिचा फोटो, तिचं नाव आणि त्याखाली छापलेलं तिचं काम. आबांनी ते डाव्या हातात धरून तीनदा वाचलं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं. डोळे पुसायला त्यांना टॉवेल सापडेना.

एक डिसेंबर. सकाळची पहिली उचल. कार्ड गळ्यात, शिट्टी तोंडात. हायड्रात अभय. निशानं बोट जरासं उचललं... मुद्दामच. हूक हलला नाही. तिनं पुरता हात वर केला, तर्जनी फिरवली. मग हलला. दिवसभरात एकदाही तो आधी हलला नाही.

शेवटचा खांब खाली टेकला. बेल्ट सुटले. हूक रिकामा. अभयनं इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. निशा केबिनपाशी गेली.

"उतरायचं नाय का?"

"एक इचारायचंय." तो समोर काचेकडं बघत होता. "तुमच्या मनात माझ्याबद्दल काय हाय, याचा अंदाज मी करणार नाय. तुम्ही सांगेपर्यंत इथंच बसून राहतो."

"किती वेळ?"

"शिफ्ट संपेपर्यंत... नायतर जन्मभर."

माल जमिनीवर होता. आता कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती. निशानं मान वर केली आणि आठ महिन्यांचं राहिलेलं बघणं एकदाच बघून घेतलं. भुवईवरचा तीळ तिला आज दिसला.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. रविवारी घरच्यांना घेऊन आमच्याकडं या. कळलं?"

अभयच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं होतं. त्यानं ते कसंबसं आवरलं.

"नीट नाय कळलं. इशारा नीट कळला नाय तर जागचं हलायचं नसतं, कायदाच हाय तसा. परत एकदा द्या."

निशानं इकडं तिकडं बघितलं. अप्पाराव शेडच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ऐकू दे. तिनं कार्ड सरळ केलं आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं.

"आता उतरा खाली."

तो उतरला.