गोरेगावचा तक्रार अधिकारी

पडद्यावर आपलाच चेहरा बघून दुर्गेश्वरीच्या हातातली भाजीची पिशवी सुटली. टमाटे गडगडत टेबलाखाली गेले.

बाजाराच्या दिवशी गोंदियाजवळच्या गोरेगावला आली होती, तर जाता जाता बी.ए.चा निकाल बघावा म्हणून ती त्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली, एवढंच. तिनं रोल नंबरची चिठ्ठी पुढे केली. दुकानातला सावळा पोरगा एकदा तिच्याकडे बघे, एकदा पडद्याकडे... शेवटी त्याला राहवेना. “तुमी बिरसीच्या दुर्गेश्वरी बिसेन ना?”

“तुमाले कसं मालूम?”

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. पोवार समाजाच्या सोयरिकी जुळवणारी वेबसाइट होती ती, आणि हा लोकेंद्र पटले ती या दुकानातूनच चालवायचा. तिचा फोटो मामानं हौसेनं पाठवलेला. फोटोखाली मात्र कुणीतरी, नाव न देता, लिहून ठेवलं होतं — ‘पोरगी विमान चालवणं शिकणाऱ्या पोराच्या गाडीवर फिरते. चौकशी करूनच सोयरीक करावी.’

बिरसीच्या विमानतळावर ती कार्यालयात काम करायची, पण जायची-यायची आपल्या सायकलवर! सोयरीक घेऊन आलेल्या कोहमाऱ्याच्या पाहुण्यांनी कारण न सांगता नकार कळवला होता. बाबूजींनी तिला कामावर जायलाच मनाई केली होती. का, ते तिला आत्ता कळलं.

“काढा हे! आत्ताच्या आत्ता!”

“लिहून द्या. यंदा सरकारचा नवा नियम आला नं... कोनी तक्रार केली का छत्तीस तासांत पाऊल उचला लागते. तक्रार अधिकारी बी ठेवा लागते.”

“मंग बोलवा त्या अधिकाऱ्याले!”

लोकेंद्रनं शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत ताठ बसला. “बोला.”

एवढ्या संतापातही तिला हसू फुटलं, आणि मग त्या हसण्याचाच राग आला. तिनं तक्रार लिहून दिली. त्यानं ती ओळ तिथल्या तिथं पुसली, मग टेबलाखाली शिरून एकेक टमाटा वेचला.

“पडद्यावरून गेलं,” ती म्हणाली, “लोकाइच्या तोंडातून कोन काढन? बाबूजी कामाले जाऊ देत नाईत. लिहिलं कोनं, ते शोधा.”

“शोधतो.” पिशवी देताना तो हळूच म्हणाला, “आन्... पास झाल्या तुमी. फस्ट क्लास.”

त्या आठवड्यात तिचा फोन सारखा वाजला. “तक्रार अधिकारी बोलून राहिलो. आज काई तक्रार?”

“आहे. अधिकारी फोन लवकर ठेवते.”

दोघंही एकदमच हसली. दुर्गेश्वरीला तो फार आवडायला लागला होता, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलंही नाही.

पुढच्या बाजाराला ती गेली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“भेटला?”

“भेटला.” त्यानं मान वर केली नाही. “माझे बाबूजी.”

मग त्यानं सगळं सांगितलं. लोकेंद्र गोंदियाला गेला होता त्या दिवशी दुकानात त्याचे वडील, हुकुमचंद, बसले होते. फोटो बघून त्यांनी तिला मनातल्या मनात सून करून टाकलं होतं. मागणी धानकापणीनंतर घालायची. तेवढ्यात कोहमाऱ्याचे पाहुणे पुढे येताहेत म्हटल्यावर एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी ती ओळ लिहिली. दुसऱ्या कुणी तिला नेऊ नये म्हणून!

“सून करासाठी पोरीचं नाव खराब करतेत?” तिचे डोळे भरून आले. “आन् तुमी हे मले काऊन सांगितलं? मले कधी समजलंबी नसतं.”

“मले तर समजलं होतं नं...” तो म्हणाला. “तुमच्या डोळ्यात कसा पाहिलो असतो मी?”

ती पिशवी उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरसीत दुर्गेश्वरीच्या दारात लोकेंद्रची मोटारसायकल थांबली. मागून हुकुमचंद उतरले. शेजारीपाजारी गोळा झाले तसे ते तिच्या वडिलांना मोठ्यानं म्हणाले, “दुलीचंदभाऊ, ते मी लिहिलो. खोटं लिहिलो. तुमच्या पोरीले मी कोनाच्या गाडीवर पाह्यलो नाई.”

दुर्गेश्वरीच्या वडिलांचा हात वर गेला... आणि तसाच खाली आला. मग ते लेकीकडे वळले. “उभी काऊन आहेस? कामावर जा. उशीर होऊन राहिला.”

तिनं डोळे पुसले, सायकल काढली. कुंपणापाशी लोकेंद्र मान खाली घालून उभा होता. ती थांबली.

“आनखी एक तक्रार आहे, अधिकारीसाहेब.”

“...बोला.”

“तुमच्या वेबसाइटवर माझं नाव लग्नाच्या पोरीइत अजून दिसून राहिलं. काढा ते.”

त्याचा चेहरा पडला. “कायले? आता तर सगळ्याइले खरं समजलं. चांगल्या सोयरिकी येतीन...”

“म्हनूनच. आन् पोराइच्या पानावर कोनी लोकेंद्र पटले आहे, त्याचंबी काढा.” ती लाजून पायडलकडे बघत म्हणाली, “मंग या मागणी घालाले.”

लोकेंद्रची मान झटकन वर आली.

“छत्तीस तास आहेत,” ती म्हणाली.

“एवढे नाई लागत!” तो ओरडला, त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि धुरळा उडवत गोरेगावच्या रस्त्याला लागला. दुलीचंदच्या अंगणात उभ्या असलेल्या बापाला तो चक्क विसरून गेला होता.