स्वच्छ केलेला हात

पडद्यावर हातात घट्ट बसलेली चिपळी खऱ्या हातातून दोनच ठेक्यांत कशी निसटते? शनिवारी सकाळी गुहागरच्या रचनाशाळेत तेरा वर्षांची भार्गवी हे कोडं घेऊन उभी होती. चिपळी जमिनीवर पडली होती आणि तिचे आजोबा, अप्पा, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

अप्पा निवृत्त पदार्थशास्त्रज्ञ. पण गाव त्यांना ओळखे ते कीर्तनकार म्हणून. चाळीस वर्षं राममंदिरातलं रामनवमीचं कीर्तन त्यांचंच. गेल्या वर्षी कंपवात (हातपाय आपोआप थरथरण्याचा आजार) जडला आणि चिपळ्या देवघरात जाऊन बसल्या. "एकदा रामरायापुढे वाजवून उभं राहायचंय," एवढंच ते म्हणाले होते. रामनवमीला वीस दिवस उरले होते. पुढच्या वर्षी उभं राहणं जमेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

२०६१ सालची रचनाशाळा (वस्तू आखून, घडवून, मोडून शिकण्याची शाळा) अशी चाले : चार दिवस घरून पडद्यावर, दोन दिवस कार्यशाळेत. शिकवायला दोन्हीकडे बोधन हा यंत्रमानवच. भार्गवीनं घरी अप्पांच्या हाताचं त्रिमितीय चित्र (सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येणारं) घेतलं, त्यावर चिपळ्यांच्या बोटांत अडकवायच्या नव्या कड्या बेतल्या आणि बोधननं त्या पडद्यावर तपासल्या.

"तूच बरोबर म्हणालास ना?" ती बोधनवर चिडली.

"म्हणालो. मला दिसलेला हात थरथरत नव्हता."

भार्गवीला आठवलं. चित्र पुसट आलं, म्हणून तिनं 'स्वच्छ करा' ही कळ दाबली होती. सगळीच मुलं दाबतात.

"म्हणजे माझं दुखणं एका बोटानं बरं केलंस की गं," अप्पा म्हणाले. "डॉक्टरांना कळव."

तिला हसू आलं नाही.

बोधननं समजावलं, "कॅमेरा सेकंदाला साठ चित्रं घेतो. तेवढ्यात अप्पांचा हात पाच वेळा इकडे जातो, पाच वेळा तिकडे. कळ दाबली की यंत्र सगळ्यांची सरासरी काढतं. इकडचं तिकडच्यात फिटतं, मधला स्थिर हात उरतो. थरथर त्याला गोंगाट (मापात मिसळलेली नको ती गोष्ट) वाटते."

"पण अप्पांचा खरा हात तर थरथरणाराच आहे."

"म्हणून तर दोन दिवस इथं यायचं, बाळ," अप्पा म्हणाले. "पडदा वाईट नाही. आख्यान मीही घरीच बसून तयार करतो. पण कुठलं पद किती घोळवायचं, ते समोर बसलेली माणसं ठरवतात. ते घरी कळत नाही."

त्यांनी आपला हात तिच्या तळव्यावर ठेवला. पिंजऱ्यातल्या चिमणीसारखा तो फडफडत होता. वर्षभर ती त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत होती, पण हा हात तिनं कधी इतका वेळ धरला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

पुढचे चार दिवस तिनं घरी चित्रात थरथर परत घातली आणि कडीच्या आत वेगवेगळी अस्तरं लावून पाहिली. शनिवारी रबराचं अस्तर घसरलं. रविवारी लोकरीचं टोचलं. त्याच्या पुढच्या शनिवारी लोकरीवर मऊ कापडाची घडी बसवली. ती हाताबरोबर हलली, आणि चिपळी टिकली.

रामनवमीला अप्पा उभे राहिले. पूर्वरंगभर (कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग) चिपळ्या वाजल्या. उत्तररंगात, कथा ऐन रंगात आली असताना, हात थकला. अप्पांनी चिपळ्या बोटांतून काढून भार्गवीच्या ओंजळीत ठेवल्या आणि खांबाला टेकून उरलेलं कीर्तन नुसत्या गळ्यानं पुरं केलं. मंडपातून कुणीही उठलं नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "थरथर वाढलीय. तुझी मापं जुनी झाली."

"शनिवारी नवी घेऊ."

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा."

 अप्पा हळूच म्हणाले, "उभंच राहता आलं नाही तर?"

भार्गवीनं डोळे पुसले. "बसून वाजवायला वेगळी कडी करावी लागेल, अप्पा. मांडीवर हात टेकवून. उद्या आखायला घेते."