तानबाची कढई

"कढई मी नाई चोरली, ताई. पण कुलपाची दुसरी चावी माझ्यापाशी होती, आन् भांडण बी मीच केलंतं."

गुंजन पचारे खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होती. दामिनी कुमरेचं सिंदी मेघेतलं खासगी तपासाचं कार्यालय शोधत ती समुद्रपूरहून आली होती. दामिनीच्या शेजारी वासुदेवराव झाडे वही उघडून बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते तिला मदत करत.

"तानबाची कढई?" वासुदेवराव दचकले. "बस स्टँडसमोरची? अहो, त्या मासोळीपायी मी गाडी पाच मिनिटं उशिरा सोडायचो!"

तानबा पचारे म्हणजे गुंजनचा सासरा. चाळीस वर्षं त्याचं दुकान जसंच्या तसं होतं. लाकडाची चूल, दोघांनी उचलावी अशी लोखंडी कढई, जवसाचं तेल. ओवा घातलेल्या बेसनातली रोहूची तुकडी, त्याच तेलात तळलेले आलूचे काप, सारं पळसाच्या पानावर. दुकानाला पाटी नव्हती. कधी लागलीच नाही.

"मंगळवारी दुपारी दुकान बंद होतं," गुंजन म्हणाली. "चार वाजता मामाजींनी कुलूप उघडलं तर कढई गायब. कुलूप शाबूत. आदल्या आठवड्यात मी म्हटलंतं, गॅसची मशीन घेऊ. आता सारं गाव म्हणते, सुनेनं कढई भंगारात देल्ली. घरात बी कोणी धड बोलत नाई. सोमवारपर्यंत छडा नाई लागला तर मी माहेरी चालली. परत येणार नाई."

"सासरे काय म्हणतात?"

"काहीच नाई म्हणत."

दामिनीने वासुदेवरावांकडे पाहिलं. "काका, उद्या समुद्रपूर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजनने दुकान उघडून दिलं. चूल थंड होती. चुलीजवळ तेलाचा डबा होता, तोंडाला फडकं घट्ट बांधलेला. दामिनीने फडकं सोडून पाहिलं. तेल स्वच्छ गाळलेलं होतं.

"हे तेल?"

"मंगळवारी कढईत होतं तेच. चोर डब्यात ओतून गेला."

चुलीपासून दोन हातांवर जमिनीलगत सिमेंटचा खोल हौद होता. हिरवट गढूळ पाण्यात जिवंत मरळ ठेवलेली. पाणी काठोकाठ होतं, आजूबाजूची माती ओली. दामिनीने पाण्यावरून बोट फिरवलं. इंद्रधनुष्यी तवंग बोटाभोवती फाटला.

"मरळ ताजी आहे," वासुदेवराव कौतुकाने म्हणाले.

समोर नागसेनची चहा-अंडाभुर्जीची गाडी होती.

"दुपारभर मी इथंच होतो," तो म्हणाला. "ना टेम्पो आला, ना हातगाडी. तानबाभाऊ रोज एक वाजता जातात, त्या दिवशी दोन वाजले. मग चारपर्यंत कोणीच फिरकलं नाई."

"दुकान बंद पडलं तर तुमचा धंदा वाढेल."

"कायचा वाढते! मासोळी खायले येणारेच माझ्याकडे चहा घेतात." मग त्याने आवाज उतरवला. "पण एक सांगू? महिनाभरात दोन-तीनदा लोकं पान अर्धं टाकून उठले. कडू लागते म्हणत."

वासुदेवरावांनी वहीत नागसेनच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

गुंजनचा नवरा हेमराज कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो फाटकाशीच भेटला.

"मशीन मले बी पाहिजे होती. बटण आकड्यावर फिरवलं की तेल तेवढंच तापते. पण बाबांनी नाई म्हटलं, विषय संपला. तापातून उठल्यापासून त्यांचं खाण्यावरूनच मन उडालं."

"आणि बायकोवर संशय आहे?"

त्याने मान वळवली. "चाव्या दोनच आहेत, ताई."

तानबा घरी ओसरीवर बसला होता. त्याच्या पाठीमागे शेगडीवर दूध ठेवलेलं होतं.

"पोलिसात का नाही गेलात?" दामिनीने विचारलं.

"गेलं ते गेलं."

"चाळीस वर्षांची वस्तू होती."

"होती ना." तो हाताच्या रेषा पाहत राहिला. "मी तिच्यात पोरं मोठी केली. आता काय बोलू?"

करपलेल्या दुधाचा वास ओसरीभर पसरला. वासुदेवरावांनी नाकाला रुमाल लावला. अंगणातून गुंजन धावत आली आणि तिने शेगडी बंद केली. तानबाने तेव्हा कुठे मागे वळून पाहिलं.

दामिनीने करपलेल्या पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चार वाजता सगळे दुकानात या."

चार वाजता नागसेनही आला. वासुदेवरावांनी त्याच्यावरची नजर हलवली नाही.

"काका, राहू द्या," दामिनी म्हणाली. "इथून कढई कोणी नेलीच नाही. समोर माणूस बसलेला, आणि गाडीशिवाय ती हलत नाही. म्हणजे ती आत आहे. हौद काठोकाठ का भरला? मासे ठेवलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग कुठून आला? हेमराज, हात घाला."

हेमराजने खांद्यापर्यंत हात बुडवला. त्याचा चेहरा बदलला. "कडी लागली हाताले!"

"आता प्रश्न कोणी केलं याचा. चोर तेल गाळून, फडकं बांधून ठेवत नाही. ते तेल जीव लावणाऱ्याने ठेवलं. गरम तेल निवायला वेळ लागतो, म्हणून एक माणूस तासभर उशिरा घरी गेला. त्यानेच कढई उभी करून कडेवर घरंगळवत हौदापर्यंत नेली आणि आत सोडली."

तानबाने खाली पाहिलं.

"कारण मला ओसरीवर कळलं," दामिनी हळू आवाजात म्हणाली. "पाठीशी दूध करपलं, तुम्हाला पत्ता नाही. तेल तापलं की नाही, हे तुम्ही आयुष्यभर नाकाने ठरवलं. तापात ते नाक गेलं. म्हणून मासोळी कडू झाली."

"लोकं पान टाकून उठू लागले," तानबा म्हणाला. "वाटलं, चोरी झाली म्हणून बंद पडलं तर नाव तरी राहीन. दूर नेऊन फेकणं जमलं नाई मले."

"आणि सुनेचं नाव?"

त्याने गुंजनपुढे हात जोडले. "रोज सकाळी वाटे, आज सांगीन. तोंडच उघडत नव्हतं, पोरी."

गुंजनने ते हात धरले नाहीत. "इतके दिवस मी चोर होती, मामाजी. तुम्ही माझ्या हातचं जेवून राह्यले होते, आन् पाहून बी राह्यले होते." तिचे डोळे भरले. मग ती हेमराजकडे वळली. "आन् तुम्ही बी."

हेमराजने चपला काढल्या. तो हौदात उतरला.

सोमवारी गुंजन माहेरी गेलीच. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. चौथ्या दिवशी तानबा स्वतः बसने तिच्या गावी गेला आणि पुऱ्या आळीदेखत त्याने सांगितलं की, कढई मीच लपवली, पोरगी निर्दोष आहे.

महिन्याने दामिनी आणि वासुदेवराव समुद्रपूरला उतरले तेव्हा चूल पेटलेली होती. बाकावर जागा नव्हती. हेमराज आलू कापत होता. तानबा बेसनात बुडवलेली तुकडी हातात धरून उभा होता, आणि गुंजन कढईवर वाकली होती.

"सोडू?" तानबाने विचारलं.

"थांबा. तेल अजून कच्चं आहे."

गिऱ्हाईक घाई करत होतं. बोटांवरून बेसन ठिबकत होतं. सून सांगेपर्यंत तानबा थांबला.