मेलेल्याचं वजन

"माझा पोरगा मेला का जित्ता हाय, तेवढं सांगा," जमनाबाई राठोड म्हणाली. "बाकी मले काही नाई पाह्यजे."

यवतमाळच्या मार्केट यार्डाजवळ, सरकी-ढेपीच्या दुकानावरच्या खोलीत भागीरथा गावंडे यांची कचेरी होती. खाजगी चौकशीचं काम त्या करत. पाटी लहान होती, पण जिल्ह्यात नाव होतं. जमनाबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. तिची लेक बबिता तिचा दंड धरून उभी होती.

"मेला का जित्ता म्हणजे?" विठ्ठलरावांनी विचारलं. ते निवृत्त जमादार. भागीरथाबाईंसोबत फिरायचे, आणि जे दिसेल त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचे. "मेला म्हणता, तं अग्नी दिला असंन ना त्याले?"

"देल्ला. गेल्या उन्हाळ्यात. पांढरकवड्याच्या पुढं हायवेवर ट्रकनं उडवलं. चेहरा राह्यला नव्हता, साहेब. शर्टावरून वळखलं. निळा, चौकडीचा. त्या दिवशी पयल्यांदाच घातलता. पण शर्ट काय, कोनीबी घालते."

"मग आता काय झालं?"

जमनाबाईने लेकीकडे पाहिलं. बबिताने मोबाइल पुढे केला.

"आता दादा पसंती देऊन राह्यला," ती म्हणाली.

खाली कुणीतरी पोती ओढत होतं.

बबिताने सांगितलं ते असं. इंटरनेटवर 'ओंजळ' नावाचं एक जाळं आहे. तिथे माणसं लिहितात, गातात, फोटो टाकतात. वाचणारे पसंती देतात, आणि त्या पसंतीतून आभासी नाणी मिळतात. जमनाबाईचा पोरगा सुनील तिथे सुरुवातीपासून होता. तांड्याच्या गोष्टी, होळीला गायची लेंगीची गाणी, जुन्या लोकांच्या आठवणी टाकायचा. मिळालेलं नाणं त्याने कधी मोडलं नाही, सगळं तिथेच ठेवलं. ठेवलेल्या नाण्याचं वजन होतं. होता होता मराठी लिहिणाऱ्यांत सर्वांत वजनदार तोच झाला.

"वजन म्हणजे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"हलक्या माणसानं पसंती देल्ली तर चिमूटभर मोबदला पडते. दादानं देल्ली की ओंजळ भरते. लोक त्याची वाट पाहत."

"यार्डात मोठ्या व्यापाऱ्यानं कापसाले हात लावला की बोली चढते, तसं," विठ्ठलराव म्हणाले.

"तसंच. दादा गेला अन् त्याचं नाव गप झालं. पावसाळा सरता सरता पुन्हा जागं झालं. पयले एकाच्या कवितेवर. मग रोज कोनावर ना कोनावर. मी आजीचं गाणं टाकलं, तर त्याच्यावरही पसंती आली. खाली हे लिवलं होतं."

भागीरथाबाईंनी वाचलं. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत दोन छोटी वाक्यं: 'याडी, रो मत. म छू.'

"आई, रडू नको. मी आहे," बबिताने अर्थ सांगितला.

"त्या दिवसापासून मी रडली नाई," जमनाबाई म्हणाली. "पोरानंच सांगतलं ना."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पांढरकवड्याकडे निघाले. धुकं सागाच्या पानांना चिकटून बसलं होतं. तांडा हायवेपासून आत होता, तरी ट्रकचा घरघराट घरात ऐकू येत होता.

घराचं दार सताड उघडं. ते लावायचं नाही, असं जमनाबाईने सांगून ठेवलं होतं. आत खाट होती, खाटेवर धुतलेली चादर. खाटेजवळ भाकरीचं ताट झाकून ठेवलेलं. भिंतीवर सुनीलचा फोटो होता. फ्रेमला हाराचा दोरा तेवढा अडकला होता, फुलं काढून टाकलेली.

विठ्ठलराव फोटोपाशी थांबले. हसरा पोरगा, निळा चौकडीचा शर्ट, मागे कापसाच्या पऱ्हाटीचं शेत. एक हात कॅमेऱ्याकडे लांब गेलेला.

"स्वतःच काढलेला दिसते," ते म्हणाले. "कुठून मिळाला?"

"बंटीनं फ्रेम करून आणला होता, दादाच्या दिवसकार्याच्या टायमाले," बबिता म्हणाली. "दादाचा दोस्त. पांढरकवड्यात मोबाइल रिपेरिंग करते. फुटलेला फोन पोलिसानं परत देल्ला, तो आम्ही त्याच्यापाशीच देल्ला होता."

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल टिंग वाजला. जमनाबाई झटकन उठली. खाटेवरची चादर तिने तळहाताने सारखी केली आणि दाराकडे पाहत राहिली. दारात फक्त धुकं होतं.

विठ्ठलरावांनीही वळून पाहिलं.

"भाबी, बस न्," बबिता हळूच म्हणाली. "दादा नाई. कंपनीचा मेसेज होय."

"तू लेक ना हिची?" विठ्ठलरावांनी विचारलं. "मग भाबी काहून म्हणतं?"

"काका लोक भाबी म्हणत, ते ऐकू ऐकू आमाले लहानपणापासून तेच लागलं. दोघायलेही."

बाहेर आल्यावर विठ्ठलराव कुजबुजले, "बाई, पोट्टीच करून राह्यली हे. तिच्या गाण्यावर पसंती आली, मोबदला तिले. वरून माय दोन घास खाते."

"खाते का?" भागीरथाबाईंनी विचारलं. "ताट उघडून पाहिलं नाहीत तुम्ही. दोन भाकरी होत्या, आणि चुलीपाशी परातीत पीठ तेवढ्याचंच लागलेलं. ती पोराच्या वाट्याचं रांधते. स्वतःच्या नाही."

*

बंटीचं दुकान बस स्टँडसमोर होतं. तो तिशीचा, बोलका, चहा मागवायला तत्पर.

"सुनीलसारखा माणूस नाई होणार," तो म्हणाला. "ओंजळवर त्यालेच पाहून मी गेलतो. पण आपल्याले लिहिता कुठं येते? सोडून देल्लं."

"त्याच्या नावानं कोण पसंती देत असेल?"

"ते मले काय मालूम? तिथं ना कोनी मालक, ना कचेरी. ज्याच्यापाशी चावी, त्याचं खातं. चावी म्हणजे लांबलचक अक्षरं. सुनीलच्या फोनात असंन ती, पण फोनाचा तर चुरा झाला होता. मी खोलून पाह्यला. काहीच निघालं नाई त्याच्यातून, काहीच. फेकून देल्ला." त्याने मान हलवली. "सुनीलची याडी कशी आहे? लोक म्हणते, आत्मा अटकला त्याचा. मी नाई मानत, पण आता... कोनाले काय सांगावं."

चहाचा ग्लास ठेवून भागीरथाबाई उठल्या.

*

निकिता वानखडे यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवत होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती मागच्या कडुनिंबाखाली भेटली. सुनीलशी तिचं लग्न ठरलं नव्हतं, पण ठरणार होतं. घरचे नुकते कुठे नरमले होते.

"भाबी कशा आहेत?" तिने आधी हेच विचारलं. "मला त्यांच्यासमोर जायचा धीर होत नाही."

"त्याची पसंती तुमच्या लिखाणावर आली?"

"सगळ्यांत आधी माझ्याच कवितेवर आली. सकाळी उठून फोन पाहिला तर त्याचं नाव." ती थांबली. "मोबदला घ्यायला मन होईना. तिथे एक सोय असते, आपल्या लिखाणाचा मोबदला बंद करून टाकायची. मी बंद केला. म्हटलं, सुनील असेल तर त्याला नुसतं वाचता येईल."

"मग?"

"मग तो माझ्याकडे आलाच नाही. एकदाही नाही. मी रोज लिहायचे, फक्त त्याच्यासाठी. तो इतरांकडे जायचा. वाटलं, माझ्यावर रागावला." तिने चेहरा वळवला. "त्या दिवशी शेवटचं आमचं भांडण झालं होतं. फोन ठेवला त्याने."

"त्या दिवशीचा त्याचा एखादा फोटो आहे तुमच्याकडे?"

"नाही. पाठवला नाही त्याने."

भागीरथाबाईंनी ते वहीत टिपलं. मग विचारलं, "मोबदला सगळा लिहिणाऱ्याला मिळतो?"

"नाही. एक वाटा पसंती देणाऱ्यांचा असतो. चांगलं लिखाण शोधल्याबद्दल. जो आधी ओळखेल त्याला जास्त. मागाहून वजनदार माणूस आला, तर आधी आलेल्याची चांदी होते." ती कडवट हसली. "लोकांनी शंका काढलीच होती. मेलेल्याची पसंती रद्द करायला आम्ही काही जण उणी मतं देणार होतो. मग 'याडी, रो मत' आलं आणि कुणाचा हात उचलेना. माझाही."

"प्रत्येक लिखाणाखाली पसंती देणाऱ्यांची नावं क्रमाने दिसतात ना? मला दाखवा."

दोघी बराच वेळ मोबाइलवर वाकून होत्या. विठ्ठलराव पारावर बसून कडुनिंबाची पानं मोजल्यासारखं पाहत होते. शेवटी भागीरथाबाईंनी मान वर केली.

"उद्या तांड्यावर या," त्या निकिताला म्हणाल्या. "बंटीलाही निरोप देते. जमनाबाईंना उत्तर द्यायचं आहे."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमनाबाईच्या घरात बसले. ऊन दारातून आत, खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. निकिता भिंतीला टेकून, बबिता आईजवळ, बंटी उंबऱ्याजवळ.

"मोबदला कोणाला मिळतो, इथून मी सुरुवात केली," भागीरथाबाई म्हणाल्या. "विठ्ठलरावांना बबितावर संशय होता, कारण तिच्या गाण्याला मोबदला मिळाला. पण मिळाला तसा कितीतरी लोकांना मिळाला, ज्यांचा या घराशी संबंध नाही. मग निकिताताईंनी मला सगळ्यात मोठी खूण दिली. त्यांनी मोबदला बंद केला आणि सुनील त्यांच्याकडे यायचा थांबला."

निकिता खाली पाहत होती.

"ताई, तो रागावला नव्हता. ज्या माणसाला तुमची कविता वाचायची असते, तो मोबदला बघून येत नाही. पसंती देणाऱ्या हाताला फक्त वाटा हवा होता. आणि तो वाटा लिहिणाऱ्यांच्या मागे नव्हता, पसंती देणाऱ्यांमध्ये होता. आम्ही नावं पाहिली. निकिताताईंची ती पहिली कविता सोडली, तर सुनीलचं खातं जागं झाल्यापासून ज्या ज्या लिखाणावर त्याची पसंती आहे, त्या प्रत्येकावर त्याच्या आधी एकच नाव आहे. 'पळसबन'. हलकं, कधी काही न लिहिणारं. ते आधी येतं, आणि मागोमाग सुनीलचं वजन पडतं. दर वेळी."

"म्हणजे पुढं काय होणार, हे पळसबनले आधीच मालूम होतं," विठ्ठलराव सावकाश म्हणाले.

"कारण दोन्ही हात त्याचेच होते. सरळ स्वतःला पसंती दिली असती, तर लोकांनी लगेच ओळखलं असतं. त्याने ती दुसऱ्यांना वाटली, म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत बसले."

"पण पळसबन कोन?" बबिताने विचारलं.

"ज्याने 'याडी' लिहिलं, तो. तुझ्या भावाने आईला याडी म्हटलं असतं का?"

बबिताचा हात तोंडावर गेला.

"तू भाबी म्हणतेस. तो भाबी म्हणायचा. निकिताताईसुद्धा त्याचं ऐकून भाबी म्हणतात. तुमच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर भाबीच लिहिलं असतं. बाहेरच्या माणसाला एवढंच माहीत, की बंजारा पोरगा आईला याडी म्हणतो. परवा दुकानात आम्ही तो शब्द ऐकला. 'सुनीलची याडी कशी आहे?'"

सगळ्यांच्या नजरा उंबऱ्याकडे वळल्या.

"बाई, शब्दावरून काहीही," बंटी उठत म्हणाला. "चावी कुठून येईन माझ्यापाशी? फोन तर मेला होता."

"मग हा फोटो कुठला?" भागीरथाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "हा शर्ट त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घातला. फोटो त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवर काढला. तू म्हणालास, फोनमधून काहीच निघालं नाही. फ्रेम मात्र तूच आणलीस."

"मले... मले पाठवला होता त्यानं."

"असेल तर दाखव. तुझ्या मोबाइलवर असेल."

बंटीने खिशाला हात लावला. हात तिथेच राहिला. मग तो हळूहळू खाली बसला.

"फोटो तेवढे काढून द्याचे होते," तो म्हणाला. "खरंच तेवढंच. खातं उघडं सापडलं. पयल्यांदा निकिताच्या कवितेवर दाबलं. वाटलं, सुनीलनं देल्लीच असती. मग पाह्यलं, आधी माझ्या नावानं गेलं की काय येते ते. मग नाई सुटलं."

"अन् ते लिवलं ते?" जमनाबाईने विचारलं.

"लोक बंद करणार होते, काकू. मले वाटलं... तुमालेही बरं वाटंन."

जमनाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग भागीरथाबाईंकडे वळली.

"म्हणजे अग्नी देल्ला तो माझाच पोरगा होता."

"हो, जमनाबाई," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांनी नजर वळवली नाही. "तुमचाच होता."

हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज दूर होत संपला. मग जमनाबाईचा श्वास तुटला आणि इतक्या महिन्यांचं रडणं एकदम बाहेर आलं. निकिता भिंतीपासून उठली आणि तिला बिलगली. बबिताने दोघींना धरलं.

विठ्ठलराव बंटीला घेऊन अंगणात आले. पोलिसात काय सांगायचं, चावी कशी द्यायची, ते त्यांनी त्याला समजावलं. बंटी मान डोलावत होता आणि वर पाहत नव्हता.

ऊन कलल्यावर चावी निकिताच्या मोबाइलवर आली.

"भाबी, आता हे खातं तुमचं," निकिता म्हणाली. "काय करायचं?"

"बंद कर."

"ते बंद होत नाही. माणूस गेला तरी राहतं. चावी तेवढी बदलता येते. नवी चावी एकदाच दिसते. ती कोणी जपली नाही, तर मग तिथे कोणालाच जाता येणार नाही."

"पण त्याच्यात पैसा हाय, जमनाबाई," विठ्ठलराव न राहवून म्हणाले. "पोराच्या कमाईचं वजन हाय सारं."

"चार माणसायनं त्याचं वजन एकदा उचललं, साहेब. आता पुन्हा कोनी उचलू नये. त्याच्या गोष्टी, गाणे राहतीन ना?"

"राहतील. सगळी राहतील."

निकिताने दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि मोबाइल जमनाबाईच्या हातात दिला. मग तिने तोंड वळवलं. बबितानेही वळवलं. भागीरथाबाई भिंतीकडे पाहू लागल्या.

पडद्यावर लांबलचक अक्षरांची ओळ उमटली. जमनाबाईने ती डोळ्यांजवळ नेली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तिच्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने मोबाइल छातीशी धरला, मग निकिताने दाखवून ठेवलेल्या जागी अंगठा टेकवला, आणि ओळ पुसली गेली.