सातवा विचारणारा

दुपारचं जेवण आटोपून तिनं इस्पितळाच्या संगणक-खोलीत सहज एक यादी उघडली. 'खाट-सेवा' कोण कोण वापरतं, एवढंच पाहायचं होतं. रुग्णाचा क्रमांक पाठवला की खाट सांगणारी ही सेवा तिनंच लिहिली होती. एकदा लिहायची, सगळ्या विभागांनी वापरायची. प्रत्येकानं वेगळी चूल कशाला मांडायची? वापरणारे विभाग सहा. यादीत मात्र सात होते.

सातव्याला नाव नव्हतं. तो दिवसाला एकच क्रमांक विचारायचा, बरोबर तीन वाजता.

"असेल कुणीतरी," शेजारच्या टेबलावरचे मास्तर म्हणाले. निवृत्तीला टेकलेल्या मास्तरांना कशाचंच नवल नव्हतं. "सेवा म्हणजे रस्त्यावरचा नळ गं. पाणी पिणाऱ्याला कुणी नाव विचारतं का?"

पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं मागचे क्रमांक नोंदींशी ताडून पाहिले. अकरा दिवस, अकरा माणसं. एकानंही त्या दिवशीची संध्याकाळ पाहिली नव्हती.

वरच्या मजल्यावर तिचे बाबा होते. उद्या घरी सोडणार होते. तीनला पाच मिनिटं असताना तिनं सेवा बंद केली.

"अगं, काय केलंस हे? आता सगळे फोन करतील!"

मास्तरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन खणखणला. स्वयंपाकघर. मग प्रयोगशाळा. मग औषधं. क्रमांक ऐकायचा, नोंदीत शोधायचा, खाट सांगायची. तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"ताई... चार हजार बारा?" एक दबका आवाज.

"खाट चौदा," ती सवयीनं म्हणाली, आणि मग तिची नजर शेजारच्या नावावर गेली.

बाबांचं नाव. घड्याळात तीन.

"कोण बोलतंय? कुठला विभाग?"

"...आभारी आहे."

ती जिने चढत धावली. बाबा खाटेवर ताठ बसून केस विंचरत होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "आत्ताच एक जण आले. चौदा नंबर हाच ना, विचारलं. आवरून बसा म्हणाले. मी म्हटलं, लेकीला भेटून येतो."

"कुठे... कुठे आहेत ते?"

"दारात थांबलेत की."

ती वळली. दारात कुणीच नव्हतं. पण आपोआप मिटणारं ते दार सताड उघडं होतं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.