शर्वरी धांडेचा स्वांश

अमरावतीच्या पसंतीमापन केंद्रात त्या सकाळी अठ्ठेचाळीस खुर्च्या होत्या. चोवीस काचेच्या अलीकडे, चोवीस पलीकडे. पलीकडच्या सगळ्या भरलेल्या होत्या. अलीकडे बावीस पालक बसले होते, एका खुर्चीवर डब्यांची पिशवी होती आणि एक रिकामी होती. पाण्याचे कूलर दोन, त्यातला एक चालू. घड्याळ एक. काचेतून आवाज जात नव्हता. मुलांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या चढवणाऱ्या सहायिकेचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

डब्यांची पिशवी प्रल्हाद धांडेची होती. दर्यापूरच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. प्रवेशाचे पसंतीअर्ज भरावे लागत त्या काळात जून-जुलैत त्या दुकानासमोर रांग लागायची. कोणत्या सरकारी कॉलेजात कोणत्या शाखेची यादी किती गुणांवर बंद झाली, हे त्याला दहा वर्षांचं तोंडपाठ होतं. आईवडील टेबलावर वाकून वाद घालायचे, मूल मागच्या बाकावर बसून राहायचं आणि प्रल्हाद आईवडिलांची पसंती अर्जात भरायचा. राज्यभर असंच चालायचं. त्यातली बरीच मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत शिक्षण सोडून द्यायची आणि सरकारी विद्यापीठातली ती जागा पुढची दोन-तीन वर्षं रिकामी राहायची.

पसंतीमापक हा त्यावरचा उपाय होता. त्यामागची कल्पना सोपी आहे. एखाद्या माणसाबरोबर आपण बराच काळ राहिलो, की मेंदू त्या माणसाची एक चालतीबोलती नक्कल तयार करतो. तिला आंतरप्रतिमा म्हणतात. ‘हे घरी सांगितलं तर काय म्हणतील?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याला क्षणात मिळतं, ते तीच देते. निवड करताना कोणाची प्रतिमा किती जोरात बोलते, हे ती टोपी मोजते. निवडीचा जो भाग कोणाच्याच प्रतिमेकडून येत नाही, तो स्वांश. उरलेला परांश, माणसागणिक वेगळा दाखवलेला. सरकारी जागेसाठी स्वांश किमान पन्नास टक्के लागायचा. अकरावीनंतर एक सराव मापन, बारावीनंतर अंतिम. गुण कितीही असले तरी अंतिम मापनात पन्नासच्या खाली गेलेला अर्ज बाद होई.

शर्वरी बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिचं हे सराव मापन होतं.

“कसं काय...” प्रल्हाद म्हणाला.

“गेलं? बरं गेलं. टोपी टोचत होती. भीती नाही वाटली, आणि हो, डबा आत्ता खाते.”

“म्या एवढं विचारलं का तुले?”

“विचारणार होतास ना. तुझे तीन प्रश्न वाचवले.” तिनं पिशवी उचलली. “तुझ्या डब्यातलं लोणचं मी घेणार आहे. तू घे म्हणणारच आहेस.”

ती दुसरीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून दहा वर्षं घरात दोघंच होते.

निकाल समजावण्यासाठी पालकाला एकट्याला आत बोलवत. केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. मेघना ठोंबरे यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. पहिली पसंती : भूजलशास्त्र. स्वांश ३८.६ टक्के. वडील ५४.१. आई ६.८. इतर ०.५.

“म्हणजे पोरगी माह्या मनानं चालते?” प्रल्हादनं विचारलं.

“तुम्ही तिच्या मनात आहात. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं.”

“पण मॅडम, हे जमिनीखालच्या पाण्याचं मी कधी सांगतलंच नाही तिले. मी तं कॉम्प्युटर म्हणत होतो. हे खूळ तिचं तिचं हाय.”

“असेल. पसंती कोणी सुचवली हे मापक पाहत नाही. ठरवताना ती कोणाशी बोलते, हे पाहतो. शर्वरी प्रत्येक पर्यायापाशी थांबून तुमच्याशी भांडली. दोन ठिकाणी तिनं तुम्हाला हसवलं.”

“हसवलं?”

“आलेखात दिसतं.”

प्रल्हाद पडद्याकडे पाहत राहिला. त्यात त्याला फक्त रेघा दिसत होत्या.

“दुसरीकडे शिकवणं मले झेपत नाही,” तो म्हणाला. “सरकारी जागा गेली तं तिचं शिक्षण गेलं. वर्षभर बोलणंच बंद करतो मी. अकोल्याच्या मौनवसतिगृहात ठेवतात ना लोक पोरं?”

घरच्यांशी वर्षभर संपर्क तोडून मुलांना ठेवण्यासाठी तशी वसतिगृहं निघाली होती.

“तिथून आलेल्या मुलांचा परांश वाढलेला असतो. सरासरी बारा टक्क्यांनी. माणूस गप्प झाला की त्याची प्रतिमा जास्त बोलते. गेलेल्या माणसांचं पाहा ना. तिच्या आईचे सहा पूर्णांक आठ दहा वर्षांनीही आहेत.”

“मग हा परांश उतरते कशानं?”

डॉ. ठोंबरे यांनी पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला. “मी सल्ला देत नाहीये, फक्त जे मोजलंय ते सांगते. प्रतिमेचं काम भाकीत करणं. भाकीत बरोबर येतं तोवर मेंदू ती जपतो. सतत चुकायला लागलं की मोडीत काढतो. तिला वाटलं तुम्ही हसाल, आणि तुम्ही हसला नाहीत. वाटलं रागवाल, आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात. रोज, नऊ-दहा महिने.”

“तिले सांगून?”

“सांगितलं तर उपयोग नाही. कारण कळलं की भाकीत चुकत नाही. ‘बाबा माझ्यासाठी करतोय’, एवढं तिला समजलं तरी प्रतिमा आणखी पक्की होते.”

“आन् ॲडमिशन झाल्यावर सांगतलं तं?”

“तेव्हा ती तिच्यासाठी तुमच्याविषयीची नुसती एक माहिती असेल.”

“पण पहिल्यासारखं होते का परत?”

“ते अजून कोणी मोजलेलं नाही,” डॉ. ठोंबरे म्हणाल्या.

प्रल्हादनं दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात त्याला ते जमलं नाही. शाळेतल्या गुरुजींच्या चालण्याची नक्कल शर्वरीनं केली आणि तो हसून गेला. मग युक्ती सापडली. ती बोलायला लागली की तो मनात जुन्या याद्या म्हणायचा, कॉलेज आणि गुण, कॉलेज आणि गुण. चेहरा आपोआप कोरा व्हायचा.

चाचणीत तिला त्र्याण्णव टक्के पडले. तो ‘बरं’ म्हणाला. तिच्या हातून झेरॉक्स मशीनची काच फुटली. त्यावरही तो ‘बरं’ म्हणाला. जन्मात न खाल्लेलं कारलं तो मागून घेऊन खाऊ लागला. शाळेच्या विहिरीची पाणीपातळी ती दर रविवारी दोरी टाकून मोजायची. पूर्वी दोरीचं दुसरं टोक तो धरायचा. आता रविवारीही तो दुकान उघडू लागला.

“काऊन रे प्रल्हाद, नवीन बायको पाहून ठेवली की काय?” शेजारच्या इंगळेकाकू एकदा दुकानात येऊन म्हणाल्या. “पोट्टीकडे पाहतही नाहीस. एकटी काठावर बसून दोरी मोजते बिचारी.”

“कामं हायत, काकू.”

“झेरॉक्सवाल्याले कसली आली कामं?”

ऑक्टोबरात शर्वरीला ताप आला. त्यानं इंगळेकाकूंना तिच्याजवळ बसायला सांगितलं आणि तो दुकानात गेला. त्या दिवशी त्यानं अकरा पानं उलटी छापली. दुपारी शटर अर्धं ओढून तो घराच्या कोपऱ्यापर्यंत आला. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. थोडा वेळ तिथंच थांबून तो परत फिरला.

ताप उतरल्यावर ती जेवताना म्हणाली, “बाबा, माझं काही चुकलं का?”

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. तिची प्रतिमा त्याच्या डोक्यात शाबूत होती आणि तिची भाकितं बरोबर येत होती. म्हणून उत्तरही त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

“वीजबिल आलं का?” तो म्हणाला.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. उठून बिल आणून दिलं आणि मग पुन्हा बसून जेवण संपवलं.

पूर्वी जेवताना ती वीस-पंचवीस प्रश्न विचारायची. डिसेंबरात सात-आठ उरले. मार्चमध्ये एक राहिला : भात वाढू का? परीक्षेच्या दिवसांत ती पहाटे स्वतः उठायची, स्वतः डबा भरायची. कोणता पेपर कसा गेला हे त्याला इंगळेकाकूंकडून कळायचं. रात्री अंथरुणात पडल्यावर तो ते सगळं आठवायचा आणि ती समोर असती तर आपण काय म्हणालो असतो हे मनात म्हणून टाकायचा. तिची प्रतिमा लगेच उत्तर द्यायची. कधी कधी ती त्याला हसवायचीही.

जूनमध्ये ते दोघं पुन्हा अमरावतीला गेले. बसमध्ये शर्वरीनं त्याला खिडकीची जागा दिली, प्रवासात भेटलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला द्यावी तशी. केंद्राच्या दारात तिचं नाव पुकारलं गेलं.

“आत थंडी...” प्रल्हाद म्हणाला आणि अडखळला.

शर्वरी थांबली. त्याच्याकडे पाहत तिनं त्याचं वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली.

“आत थंडी असते. स्वेटर हाय पिशवीत.”

“बरं,” ती म्हणाली आणि आत गेली.

चाळीस मिनिटांनी काचेच्या अलीकडच्या पडद्यावर निकाल आला.

उमेदवार : शर्वरी प्रल्हाद धांडे.
पहिली पसंती : भूजलशास्त्र. सराव मापनापासून बदल नाही.
स्वांश : ९२.९ टक्के. पात्र.
आई : ६.८ टक्के.
इतर : ०.३ टक्के.
वडील : मापनमर्यादेखाली.